मोडलेली जागल

४ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! तुमसरहून तिरोडीची गाडी पकडली तेव्हा डबा दिवाळीचं माहेरपण आटोपून परतणाऱ्या बायकांनी गच्च भरला होता. माझ्या मांडीवर जाळीत दोन फुटबॉल. शेजारच्या आजीनं विचारलं, हे खेळणं कोणत्या लेकरासाठी? मी म्हटलं, माझ्यासाठीच. ती एवढी हसली की तिच्या डब्यातले दोन अनारसे माझ्या वाट्याला आले.

स्टेशनवर मुलींच्या फुटबॉल संघासाठी मला प्रशिक्षक नेमणाऱ्या संस्थेचे सचिव गजेंद्र पटले मोटरसायकल घेऊन उभे होते. वाटेत कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, पेंढ्यांचे ढीग, आणि मग एकदम काळपट जमीन. वसतिगृह मला पाहताक्षणी आवडलं. एक लांब कौलारू दालन, त्यात सोळा खाटा. बाजूला स्वयंपाकघर, टोकाला माझी खोली. समोर पूर्ण मापाचं मैदान! मोठ्या शहरांत मुलींना अर्धं मैदान मिळावं म्हणून अर्ज करावे लागतात, मोर्चे काढावे लागतात. इथे जंगलाच्या कडेला सोळा मुलींचं स्वतःचं मैदान आहे. त्यापलीकडे तारेचं कुंपण आणि कुण्या ठेकेदाराची बंद पडलेली जुनी मँगनीजची खाण. आता तिच्यात हिरवं पाणी आहे. मैदानाची माती तिथलीच. बुटाला लागली की शिसपेन्सिलीसारखी चमकते.

मुली तेरा ते सतरा वर्षांच्या. कप्तान मयुरी लालबर्ऱ्याकडची, शांत, सगळ्यांवर नजर ठेवणारी. गोलकीपर पौर्णिमा उंच, बरंचसं हिंदीतच बोलते. सगळ्यात लहान रीना, तोंडाची तिखट. विद्यापीठाच्या संघात चार वर्षं मी बचाव सांभाळला असं सांगितलं, तर रीनानं हात वर करून विचारलं, "मॅडम, तुमी डिफेन्सले होत्या म्हणता, मंग पोट काहून फॉरवर्ड खेळून राह्यलं?" स्वयंपाकाच्या मैनाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसले. ही पोरगी मला आवडणार.

वीस डिसेंबरला निवड चाचणी आहे. ज्या मुली राज्याच्या अकादमीत जातील त्यांचं शिक्षण, राहणं, खेळ सगळं मार्गी लागेल. संध्याकाळी मयुरीनं मला एकटीला गाठून सांगितलं की ती निवडली गेली नाही तर घरचे एप्रिलमध्ये तिचं लग्न उरकणार आहेत. सतरा वर्षांची आहे ती! मी तिला शब्द दिला.

७ नोव्हेंबर, गुरुवार

तीन दिवस नुसतं पाहिलं. या मुलींना चेंडू कळतो. पण पन्नासाव्या मिनिटाला संघ बसतो. गेल्या वर्षीची टिपणं काढली. हरलेल्या सहा सामन्यांपैकी पाच शेवटच्या वीस मिनिटांत गेले आहेत. खाणं चांगलं आहे, सराव बरा आहे. मग दम कुठे जातो?

मला वाटतं, उत्तर खाटेवर आहे. मुलींच्या खेळाचा विषय निघाला की लोक बुटांबद्दल, आहाराबद्दल, घरच्यांच्या परवानगीबद्दल बोलतात. झोपेबद्दल कोणी बोलत नाही. वाढत्या वयाच्या मुलीला आठ ते दहा तास झोप हवी. ती कमी पडली की पाय उशिरा निघतो, डोळा उशिरा पाहतो आणि दुखापत लवकर होते. पाळीच्या दिवसांत झोप उडते का, हे माझ्या खेळण्याच्या काळात एकाही प्रशिक्षकानं मला विचारलं नव्हतं. मी विचारणार. प्रत्येकीला एकेक झोपेची वही दिली: किती वाजता डोळा लागला, किती वेळा जाग आली, सकाळी पाय कसे वाटले. शिवाय गजेंद्रजींच्या ओळखीनं मिळालेले मनगटी पट्टे वाटले. झोपेचा सगळा आलेख माझ्या मोबाईलवर दिसेल. रीनानं पट्टा पाहून विचारलं की स्वप्नंबी दिसतात का यात. "दिसत असतीन तं माझं नका पाहू मॅडम, लय खर्चिक राहतात."

९ नोव्हेंबर, शनिवार

दोन रात्रींचे आलेख समोर आहेत आणि मी थक्क झाले आहे. पंधरा मुलींची झोप रोज तीनदा तुटते. सगळ्यांची, ओळीनं, एका खाटेमागून दुसरी. आणि सोळावी मुलगी रात्रभर झोपलेलीच नाही. पहिल्या रात्री ती पौर्णिमा होती, दुसऱ्या रात्री मयुरी.

मयुरीला विचारलं. तिनं काही लपवलं नाही. शेतात रानडुकरांपासून धान राखायला रात्री जसे जागलीला बसतात, तशी या मुली दालनात पाळीपाळीनं जागल करतात. एकजण घोंगडी घेऊन उंबऱ्याशी बसते. रात्रीतून तीन फेऱ्या. प्रत्येक खाटेपाशी जाऊन नाव घ्यायचं. झोपलेलीनं "हौ" म्हणायचं. हौ आलं नाही तर हलवायचं, पण हौ घेतल्याशिवाय पुढं जायचं नाही. घरी हे करत नाहीत. इथेच, सगळ्या एकत्र झोपतात म्हणून. कोणी शिकवलं? आधीच्या मुलींनी. त्यांना त्यांच्या आधीच्या मुलींनी, आणि मैनाबाईंनी.

पौर्णिमा म्हणाली, "नींद तो टूटती है मॅडम, पर डर नहीं लगता." कशाची भीती, विचारलं तर खांदे उडवले.

तर दम इथे जातो! भूक नाही, आजार नाही, एक भीती, जिचं नावही कुणाला माहीत नाही. ती सोळा मुलींची झोप खाते, आणि त्या झोपेबरोबर एका मुलीचं शिक्षण, तिचं आयुष्य.

१० नोव्हेंबर, रविवार

आज बोलले. सभांमधून मी पुष्कळ बोलले आहे, पण आज जितकं मनापासून बोलले तितकं क्वचित. सांगितलं की झोप ही चैन नाही, हक्क आहे. आपल्या आज्या-पणज्यांना तो कधी मिळाला नाही. दिवसा धानाची रोवणी, रात्री दळण, मधे बाळंतपण. त्यांची झोप ज्यांनी खाल्ली त्यांना आपण अजून शिव्या देतो, आणि इथे आपणच आपल्या हातानं आपली झोप मोडतो? कुणासाठी? तुमच्या अंगावर राज्याचा हक्क नाही, घरच्यांचा नाही, भुताखेतांचा तर नाहीच नाही. आज रात्रीपासून जागल बंद. दालनाचं दार मी स्वतः लावून घेईन.

टाळ्या पडल्या. मयुरी मात्र टाळ्या वाजवायच्या आधी मैनाबाईंकडे पाहत होती.

नंतर मैनाबाई माझ्या खोलीत आल्या. म्हणाल्या, "बाई, भाषन लय चांगलं झालं तुमचं. पन ज्याईनं आयकाले पायजे होतं, त्या तं नव्हत्या तिथं." मी विचारलं, कोण? त्यांनी तांदूळ निवडायचे आहेत म्हणून सांगितलं आणि गेल्या. संध्याकाळी जागलीची घोंगडी धुऊन वाळत घातलेली दिसली.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

विजय! दुसरा शब्द नाही. पाच रात्री सलग अखंड झोप, सरासरी आठ तास चाळीस मिनिटं. तीस मीटरची धाव प्रत्येकीची सुधारली. पौर्णिमानं आज उजव्या कोपऱ्यातला असा चेंडू अडवला की गजेंद्रजींनी मोटरसायकलवर बसल्या बसल्या हॉर्न वाजवला. झोपेच्या वह्यांत सगळ्यांनी एकच लिहिलं आहे: "पाय हलके."

मैनाबाईंना आलेख दाखवले. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिले आणि एवढंच म्हणाल्या की या रेघा फार सरळ आहेत.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

मलाजखंडच्या वसाहतीतल्या संघाला सहा-शून्य. त्यांची प्रशिक्षक मला विचारत होती की तुम्ही मुलींना काय खाऊ घालता. मी म्हटलं, झोप.

एक गोष्ट लिहून ठेवते. मैदानात आमच्या मुली बोलल्या नाहीत. नव्वद मिनिटांत एकही हाक नाही. "सोड", "मागे", "माझा" असं काही नाही. चेंडू मागे न पाहता सोडला जायचा आणि तिथे मुलगी असायची. इतकी एकजूट मी राष्ट्रीय सामन्यांतही पाहिली नाही. आधी अंगावर आनंदाचा काटा आला. नंतर बसमध्ये काटा तसाच होता, पण आनंदाचा नव्हता.

जिंकल्यावर कोणी ओरडलंही नाही. रीनानं माझ्या पोटावर काही म्हटलं नाही. चार दिवसांत तिनं कशावरच काही म्हटलेलं नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज आलेख एकाखाली एक ठेवून पाहिले. सोळाही मुली नऊ वाजून बारा मिनिटांनी झोपल्या. काल नऊ वाजून बारा. परवाही. सात वाजून दोन मिनिटांनी उठल्या. कुशी बदलल्या त्याही एकाच मिनिटाला. पट्टे बिघडले म्हणून माझ्या मनगटावर एक बांधून पाहिला. पट्टा नीट आहे.

झोप जवळजवळ दहा तासांवर गेली आहे. सकाळचा सराव साडेसातला न्यावा लागला. हाका मारून उठत नाहीत. वेळ झाली की सगळ्या एकदम उठून बसतात.

आज सरावानंतर चेंडूंची जाळी आत न्यायची होती. मयुरीनं गळ्यातला टॉवेल काढला, पिळून गोल चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि जाळी उचलून वर घेतली. डावा हात जाळीला लावून ती चालू लागली. मागून पंधरा मुली, एका रांगेत. त्यांच्या डोक्यावर काही नव्हतं. तरी प्रत्येकीचा डावा हात वर होता.

मैनाबाईंच्या हातातली पळी खाली पडली.

२५ नोव्हेंबर, सोमवार

तालुक्याहून डॉक्टर बोलावले. नाडी, रक्तदाब, डोळे, सगळं ठीक. वाढीचं वय आहे, थंडी आहे, झोपू द्या म्हणाले. जाताना मला म्हणाले की तुम्हीच जरा थकलेल्या दिसता.

मग मैनाबाईंना समोर बसवलं आणि आज सोडणार नाही असं सांगितलं. त्यांनी जे सांगितलं ते तसंच लिहिते.

त्या खाणीत बायका टोपल्यांनी माल वाहायच्या. ठेकेदाराला माल वेळेत भरायचा होता. रोवणीचे दिवस. बायका दिवसा चिखलात आणि रात्री खाणीत. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या कपारीच्या सावलीला आडव्या झाल्या आणि झोपल्या. सुरुंग लावायच्या आधी भोंगा व्हायचा. भोंगा झाला. कामावरचे पुरुष पळाले. या बायका इतक्या थकल्या होत्या की भोंग्यानं जाग्या झाल्या नाहीत आणि कपारीखाली गाडल्या गेल्या. मुकादमानं हजेरी पुकारायला हवी होती. एकेकीचं नाव घेतलं असतं तर उठल्या असत्या. "भोंग्यानं कोनी उठत नाही बाई. मानूस आपल्या नावानं उठते." पण हजेरीत त्यांची नावं नव्हतीच. नुसत्या रेघा होत्या, बाई एक, बाई दोन.

किती होत्या? कोणी पंधरा सांगतं, कोणी वीस. मैनाबाईंच्या सासूची मावशी त्यात होती. नाव विचारलं. सगळे तिला मावशीच म्हणत, त्यांना नाव माहीत नाही.

त्यांची झोप राहून गेली, असं मैनाबाई म्हणतात. थकलेल्या पोरी रांगेनं झोपलेल्या दिसल्या आणि कोणी नाव घेणारं नसलं, की त्या येऊन त्या झोपेत शिरतात.

मी संतापले. मैनाबाईंवर नाही, त्या ठेकेदारावर, त्या रेघांवर. म्हटलं, हा खून आहे मैनाबाई, भुताची गोष्ट नाही. त्या म्हणाल्या, "दोन्हीबी हाय."

मी मानत नाही. अजूनही मानत नाही. पण आज रात्री दालनाचं दार उघडं ठेवणार आहे.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

लालबर्ऱ्याला सामना होता. दुपारी. लख्ख ऊन. क्रमानं लिहिते.

आम्ही तीन-शून्यनं पुढे होतो. मैदानाशेजारी तांदळाची गिरणी आहे. एक वाजता गिरणीचा भोंगा झाला.

आमच्या अकराही मुली जागच्या जागी थांबल्या. चेंडू मयुरीच्या पायात होता, तो तिनं सोडून दिला. मग त्या रांगेत लागल्या. राखीव पाच मुली बाकावरून उठून मागे लागल्या. डावे हात वर. मैदानाच्या कडेनं गिरणीच्या भिंतीच्या सावलीत गेल्या, डोक्यावरून काहीतरी जपून उतरवून ठेवलं आणि आडव्या झाल्या. झोपल्या.

लोक आधी हसले. कोणीतरी शिट्टी मारली. समोरच्या संघाची एक मुलगी चेंडू घेऊन रिकाम्या गोलपर्यंत गेली. तिनं तो मारला नाही. तिथेच उभी राहून रडायला लागली.

मयुरीची आई सामना पाहायला आली होती. लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि मला विचारत राहिली की माझ्या पोरीले काय केलं.

संध्याकाळी सहाला सगळ्या एकदम उठल्या.

३० नोव्हेंबर, शनिवार

चौदा तास झोप. उठल्या, जेवल्या, मैदानाकडे पाठ करून खाणीच्या कुंपणाशी बसल्या.

मयुरीसमोर गुडघ्यावर बसले. डोळे उघडे, पापण्या हलत होत्या. तिचं नाव घेतलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, अगदी माया केल्यासारखं. तिच्या तोंडून एका पोक्त बाईचा आवाज आला.

"मयुरी निजली, बाई. तिले उठवू नका. मी आत्ताच कुठं निजून उठली."

गजेंद्रजींना फोन केला. चाचणी तोंडावर आहे, उन्हाचा त्रास झाला असेल, बोभाटा नको, म्हणाले. मुलींना आपापल्या घरी पाठवावं म्हटलं तर मैनाबाईंनी वाट अडवली. घरी एकेकट्या झोपल्या तर तिथं हाक कोण मारणार, आणि कशी मारायची हे कोणाला सांगणार?

मी मानते. लिहून देते, मी मानते.

१ डिसेंबर, रविवार

मैनाबाई म्हणतात की शेतात ज्याच्या पाळीत डुकरं शिरली, पीक घरी येईपर्यंत त्यानंच जागलीला बसायचं. दुसऱ्यानं बसून चालत नाही. जागल मी मोडली. मीच बसले.

घोंगडी त्यांनीच आणून दिली. पहाटेपर्यंत चार फेऱ्या केल्या. सोळा नावं, चार वेळा. कुणाचंही हौ आलं नाही. काही खाटांवरून "निजली" एवढंच आलं. एका खाटेवर कोणीतरी माझा हात हळूच बाजूला केला, झोपमोड करणाऱ्या लेकराचा करावा तसा.

दिवसाही झोपणार नाही. मैनाबाई चहा देतात.

२ डिसेंबर

रीना!

तिसऱ्या फेरीला. फार खोलातून, विहिरीतून आवाज यावा तसा. हौ. मी नाव घेत राहिले, ती हौ म्हणत राहिली, वर वर येत. मग डोळे उघडले आणि हुंदका फुटला. रीनाच. रीनाच ती. तीन पोळ्या, भात, पुन्हा पोळी.

कुठे होतीस, विचारलं. म्हणाली, "तिथं अंधार नाही मॅडम. निरं डोक्यावर टोपलं हाय. त्या आपल्या खाटेवर निजतात न आपण त्याईचं टोपलं वाहतो. उतरवाले कोनीच नाही. तुमी नाव घेतलं तवा उतरलं." मान हलवता येत नाही तिला.

मग माझ्याकडे पाहून, डोळे पुसता पुसता, "मॅडम, पोट कमी झालं तुमचं. मिडफिल्डवर आलं."

मी इतकी कधीच रडले नव्हते.

३ डिसेंबर

पौर्णिमा आली. आणखी चार. सहा झाल्या. मैनाबाई त्यांना स्वयंपाकघरात जवळ घेऊन निजवतात आणि नावं घेतात.

दहा बाकी. त्यांची झोप वीस तास.

डोळ्यांसमोर काजवे. उभ्यानं फेऱ्या करते. बसले की —

त्या बायकांवर राग येत नाही. हे लिहून ठेवायलाच हवं. काल एकीला विचारलं, मावशी, तुमचं नाव काय? त्यांच्याही नावानं हाक मारावी म्हणून. तिनं खूप आठवून पाहिलं. नाही आठवलं.

४ डिसेंबर

अकरा. रीना म्हणते, मी बसते, तुम्ही घंटाभर निजा. नाही म्हटलं. रागावले तिच्यावर. या मुलींची एक रात्रही आता मी कोणाला देणार नाही. माझं भाषण चुकलं नव्हतं. मी चुकले. झोप त्यांचा हक्क आहे — जागणं माझं काम. नाव घेणारं कोणी हवं, एवढंच राहिलं होतं त्यात.

मैनाबाई हात जोडत होत्या. नाही.

५ डिसेंबर

पंधरा. पंधरा!

फक्त मयुरी.

तिची आई बाहेर ओसरीवर बसून आहे. तिला शब्द दिलाय मी. दोघींना दिलाय.

हाताला चिमटे. तिखट डोळ्याला लावलं. भिंती हलतात. मयुरी. निजली बाई. मयुरी. निजली. मयुरी. आवाज तोच, माया तीच — किती गोड बोलते ती बाई — तू पण निज म्हणाली मघाशी. तू पण थकली ना माय —

नाही. मयुरी. मयुरी.

६ डिसेंबर

लिहितेय म्हणजे जागी आहे. लिहीत राहायचं.

मयुरी

मयुरी

मयुरी

हौ आलं? आलं. बारीक. पुन्हा — मयुरी — हौ — हौ, मॅडम — वर ये, माझ्या आवाजावर ये, टाक ते टोपलं, टाक —

उठली. तिची आई आत धावली. सोळा. सोळाच्या सोळा.

जरा भिंतीला टेकते. जरासंच. लिहीत राहीन, म्हणजे —

७ डिसेंबर

उजाडलंय. ऊन थेट वहीवर. केवढं शांत वाटतंय.

मुली सगळ्या माझ्याभोवती उभ्या. सोळाही. मयुरी पुढे. माझं नाव घेतायत. मॅडम नाही, नाव, संघमित्रा, संघमित्रा. कोणी सांगितलं यांना माझं नाव? मैनाबाईंनी असेल. बरं झालं.

हौ म्हटलं मी.

पुन्हा घेतायत. अगं हौ. ऐकू येत नाही का? रीना खांदा धरून हलवतेय. रडू नको गं. तुझी मान दुखते ना. मी जागी आहे, पाहा, लिहितेय की —

मयुरीनं माझा हात हातात घेतला. उजवा. उघडून पाहतेय.

हात रिकामा. पेन खाटेखाली पडलंय, इथून दिसतंय. मग हे मी कशानं